दुसरी प्रत टाकू नका

मोनोटाइपची, म्हणजे पत्र्यावर शाईने चित्र काढून ते कागदावर दाबून उमटवलेल्या छापाची, एकच प्रत निघणार असेल तर सरळ कागदावरच का रंगवू नये, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण देगा या फ्रेंच चित्रकाराकडे बघा. १८७० च्या दशकात लपिक या मित्राच्या संगतीत त्याला मोनोटाइपचा नाद लागला. धातूच्या पत्र्यावर काळी शाई फासायची आणि चिंधीने, ब्रशच्या दांड्याने, चक्क बोटांनी पुसत उजेड काढायचा. काही छापांत त्याच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. कागदावर लागलेला काळा असा मागे घेता येत नाही. पत्र्यावर शाई ओली आहे तोवर मन बदलता येतं.

शिवाय उरलेल्या शाईत दुसरी, फिकट प्रत निघतेच. बरेच जण ती टाकून देतात. देगा तिच्यावर पेस्टल चढवायचा. त्याच्या नर्तकींच्या कित्येक चित्रांखाली अशी छाप दडलेली आहे. १८९० पासूनची, तैलरंगात छापलेली त्याची निसर्गदृश्यं मला तरी जास्त भावतात, डोंगर कुठे संपतो नि धुकं कुठे सुरू होतं कळत नाही.

घरी करायचं तर पत्र्याऐवजी ॲक्रिलिकची शीट घ्या आणि शाई पातळच लावा, जाड थर दाबाखाली फाकतो. छपाईचा प्रेस नसेल तर कागदावर चमच्याची पाठ घासली तरी चालते, दंड भरून येतात एवढंच.