विलिस लात्सिस: कादंबरी वाचायची की हुकमावरची सही बघायची?

खारावारा
लॅटव्हियाचा विलिस लात्सिस (१९०४–१९६६), त्याची 'मच्छीमाराचा मुलगा' इंग्रजीतून वाचून संपवली, १९३३-३४ ची कादंबरी. ऑस्कर नावाचा तरुण कोळी, गावात मासळीचा व्यापारी बांगेर म्हणेल तोच भाव, आणि हा पठ्ठ्या म्हणतो की आपण कोळ्यांनीच एकत्र येऊन माल विकायचा. वर त्याच व्यापाऱ्याच्या पोरीवर जीव. समुद्राचं लिहिलंय असं की लेखक काठावर बसून बघत नव्हता हे कळतंच, तो स्वतः मासेमारी करायचा, गोदीत हमाली केली, जहाजावर कोळसा ओढला. अशा माणसाला 'स्टालिनचा माणूस' म्हणून निकालात काढतात ते मला पटत नाही.

तिरसट
स्टालिनचा नाही तर कुणाचा? जून १९४० ला सोव्हिएत फौजा राजधानी रीगात शिरल्या आणि हे साहेब लगेच गृहमंत्री, मग त्याच वर्षापासून १९५९ पर्यंत तिथल्या सरकारचे प्रमुख. १७ मार्च १९४९ ला 'कुलक' (म्हणजे सधन शेतकरी ठरवलेल्या) कुटुंबांना हद्दपार करायचा हुकूम निघाला त्यावर सही यांची. २५ तारखेपासून चार दिवसांत ४२ हजारांच्या वर माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला, त्यात बायका पोरं म्हातारेच जास्त. आणि इथे समुद्राच्या वर्णनाचं कौतुक चाललंय, चालू द्या.

पेन्शनर
तिरसटराव, जरा दमाने. निर्णय मॉस्कोत जानेवारीतच झाला होता, एस्टोनिया लिथुआनियातून पण त्याच दिवसांत लोक उचलले. रीगात खरी सूत्रं कम्युनिस्ट पक्षाच्या सेक्रेटरीकडे, काल्नबेर्झिन्शकडे. लात्सिसने सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, हुकूम काही थांबला नसता.

तिरसट
मग दुसऱ्याला करू द्यायची होती की. एकदा दबावाखाली सही केली तर समजू शकतो, पण १९ वर्षं खुर्चीला चिकटून राहणाऱ्याला रबर स्टँप म्हणून सोडून द्यायचं? बरं आधीही उपाशी नव्हता, सगळ्यात खपाच्या वर्तमानपत्रात नोकरी, ऑस्करवरचा सिनेमा जानेवारी १९४० ला आला आणि तुफान चालला. स्वतंत्र लॅटव्हियाने याला डोक्यावर घेतलं होतं हो.

रेघोटी
दोघंही 'लात्सिस' म्हणून एकच गठ्ठा करताय. दोन पुस्तकं वेगळी ठेवा. 'मच्छीमाराचा मुलगा' सत्तेच्या आधीचं, ते खुशाल वाचा. पण 'नव्या किनाऱ्याकडे' हद्दपारीनंतर लगेच आलेलं, सामूहिक शेतीचं गुणगान, १९५२ ला स्टालिन पारितोषिक. तिथे लेखक आणि सही वेगळी करताच येत नाही, कारण सहीने जे केलं त्याचंच समर्थन कादंबरी करते.
गंमत म्हणजे त्यावरही मॉस्कोच्या साहित्यिक पत्राने झोड उठवली, का तर नायक आयवार कुलकाच्या घरात वाढलेला! मग फेब्रुवारी १९५२ मध्ये पक्षाच्या मुखपत्रात, 'प्रावदा'त, 'वाचकांच्या एका गटाचं' पत्र आलं, लात्सिसची बाजू घेणारं. ते स्टालिनचंच होतं असं अभ्यासक मानतात. असे वाचक पाठीशी असल्यावर समीक्षकांची काय बिशाद.

खारावारा
प्रावदाचा किस्सा भारीच 😄 पण म्हणजे माझंच म्हणणं झालं ना, पहिली कादंबरी निर्दोष.

रेघोटी
वाचा म्हटलं, निर्दोष कुठे म्हटलं? ऑस्कर कोण आहे बघा ना, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, गावात चार लोक ज्याचं ऐकतात असा माणूस. १९४९ ला कुलक म्हणून याद्यांत नावं आली ती कितीतरी अशाच कर्त्या शेतकऱ्यांची, मोठ्या जमीनदारांची नव्हे. लात्सिसला ही माणसं आतून माहीत होती. म्हणून तर मला पेन्शनरकाकांचा 'दुसऱ्या कुणी केली असती' हा मुद्दा पचत नाही, दुसऱ्या कुणी ऑस्कर लिहिला नव्हता.

पेन्शनर
हे मात्र बोचलं. तरी पुस्तकं वाचनालयातून काढा असं कुणी म्हणालं तर मी विरोधातच.

तिरसट
काढा कोण म्हणतंय? ठेवा की. फक्त मुखपृष्ठाच्या आत लेखक परिचयात 'कोळी, कामगार, लोकप्रिय लेखक' एवढंच छापून थांबू नका, मार्च १९४९ पण छापा.