शेजारच्या हॅम रेडिओमुळे टीव्हीचे चित्र गोठते

प्रश्न: आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. शेजारचे काका परवानाधारक हॅम रेडिओचालक (हौसेखातर बिनतारी यंत्रावरून संवाद साधणारे) असून, ते रात्री बोलू लागले की आमच्या केबल टीव्हीवरील ठरावीक तीन वाहिन्यांचे चित्र चौकोन-चौकोन होऊन गोठते. त्यांच्याशी घरोबा असल्याने तक्रार न करता दोष शोधायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: ठरावीक वाहिन्याच बिघडतात, ही महत्त्वाची खूण आहे. काका १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतील, तर केबलमधील काही वाहिन्याही त्याच भागातून येत असण्याची शक्यता आहे. वायरचे धातूचे आवरण शाबूत असेल तर दोघांची गाठ पडत नाही. परंतु जोडणी सैल असल्यास, स्प्लिटर (एका केबलचे अनेक फाटे करणारा जोड) गंजला असल्यास किंवा वायरची जाळी तुटली असल्यास बाहेरचा संकेत आत शिरतो.

उत्तर २: सहमत आहे. काकांनाच बोलत राहण्यास सांगून, स्प्लिटर वगळून वायर थेट सेट-टॉप बॉक्सला जोडून पाहावी. दुकानदार हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारितेखालचे संकेत अडवणारी गाळणी) सुचवतील, पण तो ३० मेगाहर्ट्झखालील प्रक्षेपणासाठी असतो. येथे तो व्यर्थ ठरेल. वायर काढल्यावरही स्पीकरमधून काकांचा आवाज येत असेल, तर तो वीजवाहिनीतून किंवा स्पीकरच्या तारांतून येत आहे. अशा वेळी त्या तारेचे काही वेढे फेराइट कड्याभोवती (असे संकेत अडवणारे चुंबकीय पदार्थाचे कडे) द्यावेत.

प्रश्नकर्ता: आपले मनःपूर्वक आभार. गच्चीवरच्या स्प्लिटरची एक जोडणी बोटाने फिरत होती. ती बदलल्यावर काल काका तासभर बोलले, तरी तिन्ही वाहिन्या स्थिर राहिल्या.