ज्येष्ठमध ठीक आहे, पण रात्रीच्या जेवणाचं काय?

आवाज बसण्यावरच्या या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय की ज्येष्ठमध-खडीसाखर चघळली की स्वरयंत्राला थेट आराम पडतो. आराम पडतो हे खरं, थेट मात्र नाही, कारण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंवरून गेलं तर ठसकाच लागेल ना. लाळ सुटते, घसा ओला राहतो, सारखं खाकरणं कमी होतं म्हणून बरं वाटतं. आणि बीपी असेल तर ज्येष्ठमध रोज नकोच, त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

मी १७ वर्षं शाळेत शिकवतेय, साठ पोरांचा वर्ग, माईक नाही. सकाळी आवाज घोगरा म्हणून काढे पीत बसले आणि निघालं काय तर रात्री पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतंय, छातीत जळजळ अजिबात नाही त्यामुळे संशयच आला नाही! आणि मी तर जन्माची शाकाहारी, पण रात्री दहा वाजता मिसळ नाहीतर भजी, वर चहा, मग शाकाहाराचा काय उपयोग. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशाच त्रासाच्या १८४ पेशंटांच्या नोंदी तपासल्या होत्या, बहुतांश भाज्या-फळं-कडधान्यं आणि अल्कलाइन (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं) पाणी घेणाऱ्यांना सहा आठवड्यांत आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांइतका तरी फरक पडला होता. (जुन्या नोंदींवरचा अभ्यास आहे, तेव्हा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.) मी फक्त संध्याकाळी साडेसातला भाकरी, दुधी नाहीतर मुगाचं वरण एवढंच केलं, महिन्याभराने पहिल्या तासाला आवाज मोकळा निघायला लागला. तीन आठवड्यांच्या वर घोगरेपणा राहिला तर मात्र आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने बघून घ्या.