भूमिहीनांना जमीन : सीलिंगची वाटावी की सरकारने विकत घेऊन द्यावी?

जिरायती (धागाकर्ते)
महाराष्ट्रात दोन मार्ग आहेत. एक सीलिंगचा, म्हणजे शेतजमीन बाळगण्याच्या कमाल मर्यादेचा. 1961 च्या कायद्यात झालेली दुरुस्ती 2 ऑक्टोबर 1975 पासून लागू झाली. तेव्हापासून पाच माणसांच्या कुटुंबाला कोरडवाहू असेल तर 54 एकर, बारमाही पाण्याची दोन पिकी असेल तर 18 एकर. त्यावरची सरकारजमा आणि मग वाटप. दुसरा मार्ग कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेचा : सरकार जमीन विकत घेऊन अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत देते.

माझ्या मते आता सगळा जोर दुसऱ्यावर हवा. सीलिंगमध्ये ग्यानबाची मेख कलम 16 मध्येच आहे. कोणती जमीन ठेवायची, हे मूळ धारकानेच निवडायचे! तो काळी ठेवणार आणि वाटपाला माळ काढून देणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

फेरफार
असहमत. कायद्यात फटी आहेत, मान्य. पाचाच्या वर दर माणशी पाचवा हिस्सा वाढतो, म्हणजे कोरडवाहूत 10.8 एकर, आणि दहा माणसांना 108. पण 26 सप्टेंबर 1970 नंतर घाईघाईने केलेल्या बक्षीसपत्रांना आळा घालणारे कलमही त्याच कायद्यात आहे. अंमल ढिला पडला म्हणून कायदा मोडीत काढायचा का?

आणि खरेदीचे दर पाहिलेत ना? 2018 च्या निकषांत जिरायतीला एकरी जास्तीत जास्त 5 लाख, बागायतीला 8 लाख. या भावात पाण्याची, रस्त्यालगतची जमीन कोण देईल? विकायला तोच येतो ज्याची पडीक आहे, नाहीतर भाऊबंदकीत अडकलीय. म्हणजे पुन्हा मुरूमच, फक्त पैसे मोजून घेतलेला.

जिरायती
तो तपासणीचा दोष आहे. 30 वर्षांचे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढा, सातबाऱ्यावरचे इतर हक्क वाचा, सगळ्या वारसांच्या, बहिणींच्यासुद्धा, सह्या घ्या. खरेदीखताआधी मोजणी करा, नंतर नाही. चार ठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली बघा. दीड फुटावर मुरूम लागला तर सरळ नकार द्या. विक्रेत्याचीच जमीन वर्ग 2 ची (परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर आधी परवानगी, मग व्यवहार. एवढे केले तर निम्मे भानगडीचे प्रस्ताव दारातच गळतात.

मोटकरी
तुम्ही दोघेही सातबाऱ्यावर नाव चढले की काम झाले असे धरून भांडताय. खरे दुखणे त्यानंतर सुरू होते. समजा 40 एकरांचा गट दहा जणांना दिला. नकाशावर रेघा ओढल्या, पण पोटहिस्सा मोजणी नाही, हद्दीचे दगड नाहीत. कब्जेपावती पेटीत आणि वहिवाट जुन्या मालकाची!

रस्त्याचेही तेच. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चे कलम 5 अडवलेल्या वाटेसाठी आहे. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागत तहसीलला खेटे घालायचे. वाटपाआधी हिशोब करा : 40 एकर चौकोनी धरले तर बाजू 1320 फूट. मधोमध 12 फुटी रस्ता सोडला तर साडेचौदा गुंठे जातात, दहा जणांत माणशी दीड गुंठासुद्धा नाही. तेवढे आधी कोणी सोडत नाही, मग वीस वर्षे बांधावर काठ्या.

काळीभोर
मोटकरींशी सहमत, पण वर्ग 2 ची बेडी कुणीच काढत नाही. सीलिंगच्या जमिनीला कलम 29 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. कुळांना मात्र 2014 च्या दुरुस्तीने कूळ कायद्याच्या कलम 32म खालच्या खरेदीनंतर 10 वर्षे झाली की आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 40 पट रक्कम भरून परवानगीतून सूट मिळाली. मग सीलिंगवाल्याने काय घोडे मारले?

फेरफार
कुळ आधीपासून कसत होते आणि त्याने किंमत भरून जमीन घेतली. इथे हातात बैल नाही, औत नाही, पहिले दोन हंगाम उधारीवर. अशाला विक्री खुली केलीत तर जमीन सावकाराच्या नावावर जाईल. कर्जासाठी म्हणाल तर वर्ग 2 वाल्याला बँकेकडे, सोसायटीकडे तारण ठेवायची मुभा संहितेच्या 36(4) मध्ये आहे. बँकेत ते कलम दाखवावे लागते, ही गोष्ट वेगळी.

काळीभोर
सावकार विक्रीची वाट बघत बसत नाही. साध्या कागदावर बटईने घेतो आणि तुमची अट सातबाऱ्यावरच राहते. शिवाय 4 एकर म्हणजे 160 गुंठे. प्रत्येक पिढीला तीन वारस धरा : मुलांना 53, नातवांना 18 गुंठे. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही) 20 गुंठे आहे. म्हणजे नातवांची वाटणी तुकडेबंदीतच अडकणार.

मोटकरी
म्हणूनच विहीर गटाच्या सामाईकात, रस्त्याला लागून घ्या. 18 गुंठ्यांवर पाणी असले तर भाजीपाला निघतो, कोरड्या 53 वर बाजरीसुद्धा धड नाही.