कोळणीचं चित्र: हात आखूड, सावलीत त्वचा राखाडी

रंगवेडी: क्रिटामध्ये (संगणकावर चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण काढतेय. पाटी धरलेला हात आखूड वाटतो. सावलीत त्वचा राखाडी होते. नऊवारी गडद हिरवी, मागे निळा समुद्र. काय बदलू?

कुंचला: आधी तोच हात खाली सोडलेला काढ. कोपर कमरेशी, मनगट जांघेशी यायला हवं. तीच मापं वर ने. आणि हात वर गेला की खांदाही चढतो, पाठीमागे खवाटा (खांद्यामागचं पसरट हाड) फिरतो. खांदा जागीच ठेवला की हात हमखास आखूड दिसतो.

शेवंती: सावलीसाठी त्वचेच्या रंगात काळा मिसळू नकोस, त्यानेच ती मरते. सावळ्या रंगाला सावलीत विटकरी-जांभळ्याकडे झुकव, उन्हात केशरीकडे. कानाची पाळी, बोटांची टोकं किंचित लालसर ठेव. चेहऱ्यात जीव येतो गं!

रंगवेडी: खांदा उचलला, हात सुटला! खूप आभार. साडीचं काय?

कुंचला: चित्र कृष्णधवल करून बघ. साडी आणि समुद्र एकाच करड्यात मिसळत असतील तर समुद्र फिकट कर. साडी हिरवीच राहू दे, छान आहे.