मेंब्रेन ओव्हनमध्ये काळं पडलं, आता काय?

कृष्णाकाठ (सांगली):
एमएस्सीचा प्रोजेक्ट, फ्युएल सेलचं (हायड्रोजनपासून वीज करणारा सेल) मेंब्रेन, म्हणजे मधला पडदा. हमर्स पद्धतीनं (ग्रॅफाइटचं रासायनिक ऑक्सिडेशन) ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचे गट चिकटलेले कार्बनचे पातळ पदर केले, पेट्री डिशमध्ये ओतून वाळवलं. कडा पापडासारख्या वळल्या, पण तपकिरी पापुद्रा अख्खा सुटला. जुलैत प्रोटॉन-वाहकता झकास होती, मार्चमध्ये पार खाली. पापुद्रा तोच, मशीन तेच. त्यात कुणीतरी सांगितलं म्हणून मजबुतीसाठी एक तुकडा रात्रभर १५० अंशांना ठेवला. सकाळी काळाकुट्ट! आधी मल्टिमीटर काहीच दाखवत नव्हता, आता किलो-ओममध्ये रीडिंग देतोय. वाया गेला का?

जुना प्लेटिंगवाला (कुपवाड):
गेला. पण टाकू नकोस, गाईडना दाखव. काळा पडला म्हणजे ऑक्सिजनचे गट उडाले, माल परत ग्राफीनच्या वाटेला लागला. मेंब्रेननं प्रोटॉन सोडायचे, इलेक्ट्रॉन अडवायचे. ते बाहेरच्या तारेतून फिरले तरच दिवा लागणार. यात ते आतल्या आतच पळणार, म्हणजे शॉर्ट.

आणि जुलै-मार्चचं म्हणशील तर, पोरी, ते पाण्याचं काम आहे. ऊस भरताना मोळी कशी हातोहात ट्रॉलीत जाते, तसा प्रोटॉन पाण्याच्या रेणूंवरून पुढं सरकतो. नॅफिऑनचंही (फ्युएल सेलमधलं नेहमीचं पॉलिमर मेंब्रेन) हेच दुखणं, सुकलं की बसलं. आषाढात तुझं मेंब्रेन फुकटात भिजत होतं. रीडिंगशेजारी आर्द्रता लिहिली आहेस का? नसेल तर ती वही रद्दीत घाल. बंद डब्यात साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेव, आतली हवा ७५ टक्क्यांवर थांबते. मग मोज.

पोवई नाका (सातारा):
काका, मग थेट एकपदरी ग्राफीनच का नको? २०१४ मध्ये मँचेस्टरच्या गाइम यांच्या गटानं दाखवलंय की त्यातून प्रोटॉन जातात.

जुना प्लेटिंगवाला:
दाखवलंय, पण काही मायक्रॉनच्या खिडकीवर. तळहाताएवढं बिनभोकाचं ग्राफीन आणणार कुठून? एक चीर पडली की हायड्रोजन पलीकडं, आणि व्होल्टेज खाली. म्हणून बरेच जण नॅफिऑनमध्येच थोडं ग्राफीन ऑक्साइड कालवतात. पाणीही धरून ठेवतं, वायूही अडवतं.

कृष्णाकाठ:
आर्द्रता लिहिलेली नाही 🙈 मीठ आहे. डबा म्हणून आईची लोणच्याची बरणी चालेल?

जुना प्लेटिंगवाला:
चालेल. तेलाचा थेंब राहू देऊ नकोस, आणि आईला आधी विचार.