डोंगरावरच्या घरासाठी वणव्यापासून बचावाला कोणता पंप घ्यावा? लवकर मदत हवी आहे

माळरान७
मुळशीच्या बाजूला डोंगरउतारावर घर आहे. समोरच्या डोंगरावर परवा वणवा लागला होता. आमच्याकडेही गवत कमरेएवढं आहे. तीन अश्वशक्तीची मोटर बसवून घराभोवती पाइप फिरवायचा आहे, छपरावर स्प्रिंकलर. नोझल कोणतं, दाब किती लागेल? वनखात्याची हेल्पलाइन १९२६ ठाऊक आहे, तेवढंच पुन्हा सांगू नका. शनिवार-रविवारात काम उरकायचंय.

घाटमाथा
पंपाचं नंतर बघू. गवत घराच्या खालच्या अंगाला आहे की वरच्या? छप्पर कशाचं? आठवड्यात तिथे कोण राहतं? पाणी किती साठवता?
हे विचारतोय कारण आग चढावर पळते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. खालच्या अंगाचं वाळलेलं कुसळी गवत घरापर्यंत आलेलं असेल तर मोटर चालू करायलाही सवड मिळत नाही.

वायरमन
विजेच्या मोटरवर विसंबू नका. तारांखालचं गवत पेटलं की लाइन बंद होते, नेमकी तेव्हाच. दोन इंची पेट्रोल पंप घ्या. त्याचं पाणी ओढण्याचं अंतर सहा मीटरच्या आत ठेवा, खोल विहिरीतलं पाणी तो उचलणार नाही. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपच्या टोकाची झडप, गळका असेल तर पंप हवा धरतो. तीन-चार महिने पडून राहिलेल्या पेट्रोलने कार्बुरेटर चोंदतो, म्हणून काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवाच.

माळरान७
गवत चारही बाजूंना आहे. पेट्रोल पंप चालेल. नोझल कोणतं ते सांगा ना.

रानपाखरू
वायरमन, पाण्याचा हिशेब कुणी करायचा? नोझलमधून मिनिटाला शंभर लिटर गेलं तर हजार लिटरची टाकी दहा मिनिटांत रिकामी. लहान स्प्रिंकलर मिनिटाला आठ-दहा लिटर घेतो. सहा बसवले तर तासाला साधारण तीन-साडेतीन हजार लिटर, आणि दुपारच्या वाऱ्यात निम्मं पाणी छपरावर पडतच नाही. तेवढी मजुरी गवत कापण्यावर घाला.

वायरमन
गवत कापलं तरी ठिणग्या उडून येतातच. त्या विझवायला पाणी लागतं की नाही? पंप नको म्हणणं चूक आहे.

रानपाखरू
पंप नको म्हटलेलं नाही. आधी गवत, मग पंप, एवढंच.

पलीकडचा_डोंगर
कॅलिफोर्नियातून लिहितोय. २०१८ मध्ये पॅराडाइज गाव जळालं, त्यात कित्येक घरं थेट ज्वाळांनी नव्हे, वाऱ्यावर आलेल्या निखाऱ्यांनी पेटली. त्यामुळे इथे भिंतीपासून पहिल्या पाच फुटांवर सगळ्यात जास्त भर असतो. तिथे पालापाचोळा, सरपण, काथ्याचं पायपुसणं, वेल, लाकडी बाक, काहीच ठेवायचं नाही. खडी किंवा फरशी घाला. हवेच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरची धातूची जाळी लावा, नायलॉनची मच्छरजाळी वितळते. त्यापुढे तीस फुटांपर्यंत बारकाईने सफाई आणि शंभर फुटांपर्यंत विरळणी. शंभर फूट तर इथे कायद्यानेच लागतात. तुम्हीही शंभर फूट साफ करून टाका.

घाटमाथा
पहिले पाच फूट आणि जाळी अगदी पटलं. पण शंभर फूट जमीन खरवडायला सांगू नका. इथल्या पावसात उघडा उतार जून-जुलैतच खाली वाहून जाईल. गवत चार बोटं उंचीवर कापायचं, मुळं जमिनीतच ठेवायची. घराच्या खालच्या अंगाला जास्त लांबपर्यंत कापायचं, वरच्या अंगाला कमी चालतं. आणि कापलेलं गवत उचला! आडवं पडलेलं गवत उभ्याइतकंच पेटतं. लोक इथेच चुकतात.

खाचर
कापायची खरी वेळ दिवाळीनंतरची, गवत अर्धं हिरवं असतं तेव्हा. आता फेब्रुवारीत ब्रश कटरला लोखंडी पातं लावू नका. दगडावर आपटून ठिणगी उडते आणि वणवा तुम्हीच लावता. विळ्याने कापा, नाहीतर नायलॉन दोरी लावून सकाळी दहाच्या आत, दव असताना. मशीनमध्ये पेट्रोल भरायचं ते मोकळ्या मातीवर, इंजिन निवल्यावर.

सह्यप्रेमी
मूळ कारणावर कुणीच बोलत नाही. गवत चांगलं येतं म्हणून मुद्दाम डोंगर पेटवतात. राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळणं) भाजणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, वणवे थांबतील. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

खाचर
राब आणि वणवा एक करू नका. राब भाताच्या रोपवाटिकेचा, आपल्या खाचरात, कडेची माती मोकळी करून भाजतात. आग निसटते ती भर दुपारी पेटवून माणूस निघून गेला तर. शेजाऱ्याला सांगा, वारा पडल्यावर भाज, मीही पाठीवरचा पंप घेऊन उभा राहतो. गुन्ह्याची धमकी दिलीत तर वणव्याच्या दिवशी मदतीला गावातून कोण येणार? जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, कुठून काढायची हेही त्यांनाच ठाऊक असतं.

सह्यप्रेमी
डोंगर मुद्दाम पेटवणाऱ्यांचं काय मग?

खाचर
त्यांची तक्रार करा, जरूर करा. राब वेगळा, एवढंच म्हणणं आहे.

हिशेबनीस
घराचा विमा तपासलात का? 'भारत गृह रक्षा' या नमुना पॉलिसीत जंगलाची आग धरलेली आहे. घरातल्या वस्तूंची रक्कम वेगळी बघा. आतापासून सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवा.

माळरान७
विम्याचं विचारलं नव्हतं, तरी बघतो. बाकी माहिती: घर उताराच्या मध्यावर, छप्पर मंगलोरी कौलांचं, टाकी प्लास्टिकची, दोन हजार लिटर. आठवडाभर फक्त राखणदार आणि त्याची बायको. खालचा प्लॉट दुसऱ्याचा आहे, मालक फिरकत नाही, सगळ्यात जास्त गवत त्यातच आहे.

घाटमाथा
हे आधी कळलं असतं तर अर्धा धागा वाचला असता. कौलांचं ऐका. पागोळीच्या कडेला आणि माथ्यावरच्या कोन्याला फटी असतात, आत उंदरांनी आणि चिमण्यांनी आणलेलं गवत असतं. निखारा तिथे शिरला की रिपा आणि वासे आतून पेटतात, बाहेरून धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिडी लावून ते गवत काढा, कडेच्या फटी सिमेंटच्या गिलाव्याने बुजवा, हवेला ठेवाल तिथे जाळी. पन्हळीतला पाला काढा. शनिवारचं पहिलं काम हेच.
दोन हजार लिटरमध्ये स्प्रिंकलर विसरा. बंद-चालू होणारं नोझल असलेला साधा पाइप आणि सोळा लिटरचे दोन फवारणी पंप भरून ठेवा, तणनाशकासाठी वापरलेले नकोत. टाकीखालचं गवत काढा आणि जमिनीवरून नेलेला प्लास्टिकचा पाइप फूटभर गाडा, नाहीतर आधी तोच वितळेल.

रानपाखरू
खालच्या प्लॉटच्या मालकाकडून कापायची लेखी संमती घ्या. नाही मिळाली तर ग्रामपंचायतीत अर्ज, प्रत वनरक्षकाकडे. तोवर हद्दीच्या आत स्वतःच्या जागेत किमान सहा मीटर पट्टा कापून झाडून घ्या. जाळून पट्टा काढू नका, मधल्या उतारावर ते सांभाळणं तुमच्या राखणदाराचं काम नाही.
भारतीय वन सर्वेक्षणाच्या आगीच्या सूचनाही मोबाइलवर घेता येतात. पण ज्यांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या ३७५ मीटरएवढा असतो, ते आग टिपणारे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात. चारला लागलेली आग त्यांना रात्रीच दिसणार. सूचना आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

माळरान७
शनिवारी कौलं आणि पट्टा घेतो. राखणदाराला काय सांगून ठेवू? तो म्हणतो, फांद्यांनी झोडून विझवीन.

खाचर
गुडघ्याच्या खालची ज्वाळा, सपाटीवर, दोघं-तिघं असतील तर झोडता येते. कमरेच्या वर गेली की नाही. खालून चढत येणाऱ्या आगीसमोर उभं राहायचं नाही आणि डोंगरावर वर पळायचं तर मुळीच नाही. बाजूला निघून नांगरलेल्या खाचरात किंवा आधीच जळून काळ्या झालेल्या जमिनीवर जायचं. अंगात सुती कपडे, पायात बूट. फाटक आणि गाडीवाट मोकळी, गाडीचं तोंड रस्त्याकडे. खिडक्या लावायच्या, पडदे काढायचे, गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, आणि दोघांनी निघायचं. घर वाचवायला थांबा असं त्यांना कधीही सांगू नका. हे फोनवर नको, समोर बसून सांगा, त्याच्या बायकोलाही.
आग गेल्यावर दोन-तीन दिवस शेणखताचा ढीग आणि जुने बुंधे हाताने चाचपून बघायला लावा, त्यात धग राहते. आधी हाताची पाठ जवळ नेऊन.